परकराची नाडी धरून

माझी मुलगी आयुष्यात पहिल्यांदा पळाली ती आमच्या मागच्या खोलीत, कूलर आणि कपडे वाळत घालायच्या स्टँडच्या मधल्या जागेत. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. त्याआधी ती चालली होती, जिने चढली होती, गणपतीत ढोल ऐकून नाचलीही होती, पण पळाली कधीच नव्हती. तिला जन्मापासून दिसत नाही. अशा पोरीला पळ म्हणायचं कुणी आणि कुठे? आम्ही तिला सारखं एकच शिकवत आलो होतो. हळू चाल, हात पुढे धर, पायरी आली, थांब. ‘पळ’ हा शब्द आमच्या घरात तिच्यासाठी कुणी उच्चारलाच नव्हता.

ट्रेडमिल आली होती माझ्या नवऱ्याच्या पोटासाठी. छावणीतल्या एका मराठी फौजी कुटुंबाची जयपूरहून बदली झाली आणि जाताना त्यांनी ते धूड आमच्या गळ्यात मारलं. नवरा रेल्वेत लोको पायलट. दिवसच्या दिवस इंजिनात बसून काढायचे, मग पोट सुटणार नाही तर काय होणार? दोन दिवस तो त्या पट्ट्यावर चालला, तिसऱ्या दिवशी त्याला ड्यूटी लागली आणि त्यानंतर मशीनवर माझे दुपट्टे वाळू लागले.

एका दुपारी शाळेतून आले तर मागच्या खोलीतून धपधप आवाज येत होता. मी आमच्या प्रताप नगरातल्याच एका शाळेत गणित शिकवते, आणि मुलांच्या कागाळ्या ऐकून त्या दिवशी डोकं आधीच तापलेलं होतं. आता काय पाडलं हिने, म्हणून मी धावत गेले. दुपट्टे जमिनीवर पडलेले आणि पोरगी पट्ट्यावर. आधी दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरलेली. मग एक हात सुटला, मग दुसरा. समोर भिंत, बाजूला खसच्या, म्हणजे आपल्या वाळ्याच्या, वासाचा कूलर भकाभका वारा फेकतोय, आणि माझी पोर पळतेय. वेणी पाठीवर आपटत होती. मी दारातच उभी राहिले. ओरडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. तिचे गुडघे असे वर उचलले जातात, तिची टाच अशी मागे जाते, हे मला माहीतच नव्हतं. आपल्याच पोटच्या पोरीचं पळणं मी चौदा वर्षांनी बघत होते. मला रडू आलं आणि ते तिला कळू नये म्हणून मी तोंडात पदराऐवजी ओढणी कोंबली.

त्या मशीनचे उपकार मी कधी विसरणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. पुढे जे लिहिणार आहे त्यावरून कुणाला वाटेल की मी मशीनला नावं ठेवतेय. मुळीच नाही. मे महिन्यात इथे सकाळी सातलाच डांबर तापतं, धुळीची आंधी आली की समोरचं घर दिसत नाही, तेव्हा आजही तेच आमच्या कामी येतं. त्याच्यावर खड्डा नाही, गाय नाही, उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल नाही. आई म्हणून मला आणखी काय हवं होतं?

तिला मात्र हवं होतं. रोज पळून झालं की ती विचारायची, “आई, आज किती?” मी पडद्यावरचा आकडा वाचून सांगायची. मग तिने विचारायला सुरुवात केली, “मतलब, कुठपर्यंत?” हा प्रश्न मला आवडला. गणिताची बाई मी, मला खेळ मिळाला. आज तू विमानतळाच्या फाटकापर्यंत गेलीस. आज सांगानेरच्या पुलापर्यंत. पुढे मी रोजचे आकडे मिळवत गेले आणि आग्रा रस्त्याने तिला मनातल्या मनात पुढे पुढे नेत गेले. एका संध्याकाळी मोठ्या दिमाखात जाहीर केलं, “आज बाईसाहेब बस्सीला पोचल्या.”

ती टॉवेलने मान पुसत होती. थांबली. म्हणाली, “बस्सीला कसला वास येतो?”

बस्सीवरून मी कितीदा गेले असेन, पण बसच्या बंद काचेमागून.

“मला इथे खसचाच वास येतो,” ती म्हणाली. “रोज. बस्सीला पण खसचाच वास?”

त्यात तक्रार नव्हती, खरंच विचारत होती. पण त्या दिवसापासून तिने एकच धोशा लावला, मला बाहेर पळायचंय. आणि मी पुढची तीन-चार वर्षं एकच उत्तर लावलं, नाही. आमच्या सेक्टरचा रस्ता मला पाठ आहे. नळाच्या पाइपसाठी खणून ठेवलेले चर, प्रत्येकाने आपल्या दारापुढे हौसेने बांधलेले ब्रेकर, मधोमध बसलेल्या गाई. डोळे असलेली माणसं तिथे पाय मोडून घेतात.

नवरा तिच्या बाजूने. “पयू दे वं तिले,” तो म्हणायचा. आम्ही दोघं अमरावतीकडचे, त्याचं घर बडनेऱ्याला रेल्वे कॉलनीला लागून. घरात आमची बोली अजून तीच आहे, पोरीच्या मराठीत मात्र जयपूर शिरलंय. “काहून भेऊन राह्यली? मी हाय ना सोबत.”

त्यानेच कुठूनसं शोधून काढलं की न दिसणारे लोक पळतात तेव्हा सोबतीच्या माणसाच्या आणि त्यांच्या हातात एक दोरी असते. दोन टोकांना दोन फास, एकेकाने बोटांत अडकवायचा. दोरी फार जाड नको, टोचणारी नको, निसटणारी नको. शोधाशोध करून त्याने माझ्या परकरातून नाडी ओढून काढली.

“अवो, ते माही नाडी हाय!”

“तुहीच हाय म्हणून तर मजबूत हाय,” तो म्हणाला. मला हसू आलं आणि तिथेच मी हरले.

मार्च महिन्यातली सकाळ होती. झाडाचं पान हलत नव्हतं. ते दोघं पुढे आणि मी मागे स्कूटीवर, चालण्यापेक्षा जरा जास्त वेगाने, पाय दोन्ही बाजूंना लोंबकळत. दूधवाले भैया आपली मोटारसायकल थांबवून आमची वरात बघत राहिले. आधी ती चालली, मग नवरा म्हणाला, चल, आणि ती हळूहळू पळू लागली. खांदे आखडलेले, एक हात पुढे, भिंत येईल म्हणून धरलेला. पुढे रस्त्याच्या एका सरळ तुकड्यावर तो हात हळूहळू खाली आला. तिचा वेग वाढला. आणि एकदम ती थबकली. नवरा नाडीने ओढला गेला.

“हवा गेली,” ती म्हणाली.

“कसली हवा?”

“आत्ता होती ना. स्कूटीवर लागते तशी. तोंडावर.” ती परत पळू लागली. वीस-पंचवीस पावलं गेली आणि पुन्हा थांबली. पुन्हा पळाली. पुन्हा थांबली. आम्हाला वाटलं, दमली. तिने चेहरा माझ्या स्कूटीच्या आवाजाकडे वळवला. “आई, स्कूटी तर मागे आहे. मग ही हवा कुणाची?”

मी स्कूटी बंद केली. सकाळ इतकी स्तब्ध होती की लांब कुठेतरी मोर ओरडला तो कानाशी ओरडल्यासारखा वाटला. “तुझी आहे,” मी म्हणाले. “तू पळतेस ना, म्हणून लागते.”

“मतलब मी करते?”

मशीनवर तिला वारा मिळत होता, पण तो कूलरचा. ती जोरात पळो की हळू, तो तेवढाच. स्कूटीवर मिळायचा तो स्कूटीचा. अठरा वर्षांची पोर, बारावी झालेली, वारा म्हणजे काय हे पुस्तकात वाचलेली. पण आपल्या पायांनी आपल्याला वारा लागतो हे तिला त्या सकाळी कळलं. आणि खरं सांगू, मलाही तेव्हाच कळलं. रोज मिळतं ते कुणाच्या ध्यानात राहतं? ती त्या तुकड्यावर पळत राहिली, थांबत राहिली, हसत राहिली, पाण्याचा नळ पहिल्यांदा सोडता आलेल्या बाळासारखी. मी रस्त्याच्या कडेला स्कूटीवर बसून एखाद्या देवळात बसावं तशी बसून होते.

त्यानंतर घरात तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. मशीनवर फ्रीजची घरघर जिथल्या तिथे असते, कुकरची शिट्टी जिथल्या तिथे. बाहेर आवाज समोरून येतात, बाजूने जातात आणि मागे पडतात. “घरं येतात आणि जातात, आई!” ती सांगायची. कुणाकडे मेथीची भाजी चाललीय, कुणी अंगणात पाणी मारलंय, कोपऱ्यावर कचोरीचं तेल कधी तापलं, कडुलिंबाखाली पानं कशी चुरचुरतात, ट्रान्सफॉर्मर किती लांबून गुणगुणायला लागतो. मी त्या रस्त्यावरून रोज शाळेला जाते. तिने सांगितलेल्या रस्त्यावर मी कधी गेलेच नव्हते.

आणि मग ती पडली.

इथे रेल्वेची एक रीत सांगायला हवी. इंजिनात ड्रायव्हर आणि त्याचा सहायक दोघं असतात. सिग्नल दिसला रे दिसला की एकाने तो मोठ्याने पुकारायचा आणि दुसऱ्याने तोच शब्द परत म्हणायचा. दोघांनी पाहिला, दोघांनी ऐकला, मग चूक होत नाही. माझा नवरा ही रीत इतकी वर्षं पाळतोय की झोपेतही पुकारतो. पोरीसोबत पळतानाही त्याने तेच लावलं. दिसेल ते पुकारायचं आणि तिने परत म्हणायचं. “गाय डावीकडे.” “गाय डावीकडे.” ऐकायला मजा यायची.

पण गाडीला थांबायला लांबचं अंतर लागतं, म्हणून ड्रायव्हर लांबूनच पुकारतो. त्या दिवशी त्याला ट्रान्सफॉर्मरच्या पुढचा, शाळेसमोरचा ब्रेकर दिसला आणि तो ओरडला, “ब्रेकर!” पोरगी म्हणाली, “ब्रेकर!” आणि तिने तिथल्या तिथे पाय उचलून उडी मारली. खाली सपाट रस्ता. आला आणि गेला, असं समजून ती निर्धास्त पळाली, आणि खरा ब्रेकर पुढे होता. मी मागून सगळं पाहिलं. हनुवटी फुटली, तळहात सोलून निघाले, गुडघ्यातली वाळू डॉक्टरांनी चिमट्याने काढली.

टाके घालून घरी आलो आणि मी नवऱ्यावर तुटून पडले. “तुमच्या गाडीले थांबाले कोस लागते! माह्या पोरीले एक पाऊल लागते!” तो खाली मान घालून बसला होता. उलट बोलला असता तर बरं झालं असतं. मी नाडी उचलली आणि कपाटात माझ्या साड्यांखाली ठेवून दिली. उद्यापासून मशीन, म्हणाले.

जखमेची खपली पडायच्या आत बापलेकींनी आपसांत तोडगा काढला. रुळावर मुख्य सिग्नलच्या खूप आधी एक सिग्नल असतो, डिस्टंट. तो नुसती सूचना देतो, की पुढे होम सिग्नल येतोय, तयार राहा. पोरीला हे शब्द लहानपणापासून पाठ. तेव्हा लांबून दिसलं की “डिस्टंट” आणि पायाशी आलं की “होम”. होम म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही. स्वयंपाकघरात पाट मांडून त्यांनी तालीम केली आणि मला बघायला बोलावलं. ती एकदाही अडखळली नाही. मी कुरकुरत कपाट उघडलं, पण अट घातली. पप्पा घरी असतील तरच. मी काही तुझ्यासोबत पळणार नाही, शाळेतल्या लंगडीनंतर मी पळालेली नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या हाती मी तुला देणार नाही.

पप्पा घरी किती असतात? उन्हाळा, पावसाळा कसाबसा निभला. हिवाळ्यात धुकं सुरू झालं की गाड्यांचं वेळापत्रक कोलमडतं. गेलेला माणूस कधी परत येईल याचा नेम नसतो. एकदा तो रेवाडीकडे गेला आणि तिकडेच अडकला. गाडी नेऊन पोचवायची, तिथल्या रनिंग रूममध्ये झोपायचं, परतीची गाडी तासन्‌तास उशिरा. रोज फोन, आज येतो, उद्या येतो. पोरगी रोज पहाटे बूट घालून दाराशी बसायची. नाडी बोटात गुंडाळायची, सोडायची. ऊन वर आलं की बूट काढायची.

मशीनवर जा ना, मी म्हणायची. ती नको म्हणायची. रुसून नाही. “कूलर बंद आहे, आई,” ती एकदा म्हणाली. “वासही नाही. मी कुठेच जात नाही त्याच्यावर.” आणि मग एका सकाळी ती दाराशी आलीच नाही. बूट जिन्याखाली ठेवलेले. दुसऱ्या दिवशीही नाही. मी बोलावलं तर पांघरुणातून म्हणाली, “जाऊ दे गं. नाही पळत मी आता.”

मला आजवर भीती वाटायची ती पोरगी पडेल याची. ही दुसरी भीती मला ठाऊकच नव्हती. मागच्या खोलीत दुपट्टे परत मशीनवर वाळत होते. माझी पळणारी पोर मला हवी होती. दुसरं काही नाही.

त्यानंतरच्या सकाळी मी जुने कॅनव्हासचे बूट काढले, सलवार घोट्याशी सेफ्टी पिनने आवळली, तिच्या अंथरुणाशी जाऊन उभी राहिले आणि नाडीचा फास तिच्या बोटात सरकवला. तिने दुसरं टोक चाचपलं. माझ्या बांगड्या लागल्या. ती उठून बसली.

“तू?”

“हो. हसू नकोस.”

दार उघडलं आणि बाहेर पांढरं. धुकं असं की फाटकाची कडी हाताला लागली तेव्हा कळली. मी म्हणणार होते, राहू दे, उद्या. पण तिचा चेहरा पाहिला आणि गिळून टाकलं. निघालो. माझा श्वास पहिल्याच वळणाला फुलला. समोर मला माझेच पाय दिसत नव्हते. गाय असेल तर? चर असेल तर? पुकारू काय, दिसायला तर पाहिजे. मी थांबले. नाडी ताणली गेली.

“काय झालं?”

“मला काही दिसत नाही गं.”

ती हसली. “मला पण,” म्हणाली.

तिची लहानपणची सगळ्यात आवडती गोष्ट कुठली, तर धुक्यात सिग्नल दिसत नाही तेव्हा रेल्वेची माणसं सिग्नलच्या आधी रुळावर पटाखा बांधून ठेवतात. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की तो फुटतो आणि ड्रायव्हरला कळतं, सिग्नल जवळ आला. ‘धुक्यात पप्पा कानांनी गाडी चालवतात,’ असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायची. तिने आता माझ्या हातातली नाडी जरा आपल्याकडे घेतली. “आज मी ड्रायव्हर,” म्हणाली. “मी पुकारते, तू परत म्हण. आणि नाडी सोडू नकोस.”

आम्ही पळू लागलो. मी तिच्या अर्धं पाऊल मागे. धुक्यात कुठेतरी गुणगुण ऐकू आली. ट्रान्सफॉर्मर. “डिस्टंट,” ती म्हणाली. मला काही दिसलं नाही, पण मी म्हणाले, “डिस्टंट.” गुणगुण जवळ आली, उजव्या कानाशी आली, मागे गेली. “होम.” मी म्हणाले, “होम,” आणि पाय उचलला. बुटाखाली ब्रेकरचा उंचवटा लागला. तोच ब्रेकर. मी तशीच पुढे गेले. या रस्त्यावर मी तिच्यासाठी डोळ्यांत तेल घालून जगत आले होते, आणि तिने तो सगळा रस्ता पायांत, नाकात, कानात भरून ठेवला होता. डावीकडे कुत्रा गुरगुरला. “बसलाय,” ती म्हणाली, “उठणार नाही.” तो उठला नाही.

मग रस्त्याचा सरळ तुकडा आला. मला तो दिसला नाही, तिचा वेग वाढला म्हणून कळला. आणि माझ्या तोंडावर गार, ओला वारा लागला. पान हलत नव्हतं. तो माझा होता. पन्नाशीला आलेल्या, बुटांनी पाय सोललेल्या, धापा टाकणाऱ्या बाईचा.

“आली हवा?” तिने विचारलं.

“आली,” मी म्हणाले. थोड्या वेळाने मी विचारलं, “कुठवर आलो गं आपण?”

तिने पळता पळता नाक जरा वर केलं. “कचोरीवाला मागे गेला. आता कडुलिंबाची पानं लागतील. मग डावीकडे वळायचं.” नाडी माझ्या हातात हलकीच हलली. “घर आलं की मी सांगते. तू पळ.”